कौलारू घराची वाळवी-तपासणी: कुठून सुरू करायचं, काय मोजायचं, फवारणीवाल्याला काय विचारायचं?

पडवीवाला लिहितात:

घर राजापूर तालुक्यात. साधारण ४० बाय ३० फूट, जांभ्या चिऱ्याच्या मातीत बांधलेल्या भिंती, बाहेरून नंतर चढवलेला सिमेंटचा गिलावा, वर मंगलोरी कौलं. वासे ऐन-किंजळीचे, माजघराचे खांब फणसाचे, चौकटी सागाच्या. हे सगळं साठेक वर्षांचं. स्वयंपाकघरावरच्या माळ्याच्या फळ्या तेवढ्या आंब्याच्या, चार वर्षांपूर्वी घातलेल्या. ओटी-माजघरात कोबा, मागच्या पडवीत शेणाची जमीन. विहीर मागच्या भिंतीपासून १५ फुटांवर. घर वर्षातून दोनदाच उघडतं, मे महिन्यात आणि गणपतीला.

आत्ता दिसतंय ते असं. मागच्या दाराच्या चौकटीवर जमिनीपासून फूटभर मातीची रेघ आहे, पेन्सिलीएवढी रुंद. मे महिन्यात ती नव्हती. माळ्याखाली ओट्यावर रोज पिवळट पीठ पडतं. फणसाच्या एका खांबाला टाचणीच्या डोक्याएवढी पुष्कळ भोकं आहेत, ठोकलं की पावडर गळते. पडवीच्या दोन वाशांना बोट जाईल अशी गोल भोकं. मुंबईहून आणलेल्या देव्हाऱ्याखाली खसखशीसारखे दाणे. आणि स्वयंपाकघराच्या एका वाशाचं भिंतीत गेलेलं टोक काळं पडलंय.

फवारणीवाला म्हणतो, अर्ध्या दिवसात पाठीवरच्या पंपाने सगळं घर मारून देतो, पाच वर्षांची गॅरंटी. त्याला हो म्हणण्याआधी स्वतः काय तपासावं? आणि कुठलं लाकूड बदलायचं, कुठलं ठेवायचं, हे कशावरून ठरवायचं?

---

टोच्या लिहितात:

तुम्ही लिहिलेल्या सहा खुणा एकाच किड्याच्या नाहीत. त्यांतल्या एका खुणेत तर किडाच नाही. सगळ्यांवर एकच फवारा मारणं म्हणजे सहा दुखण्यांना एक गोळी. आधी प्रत्येकाची ओळख पटवा.

चौकटीवरची रेघ म्हणजे जमिनीतली वाळवी. ती मातीशी आणि ओलाव्याशी जोडलेली राहते, उघड्यावर येत नाही, म्हणून मातीची नळी बांधत वर चढते. नळी मधोमध इंचभर मोडा, वरचा आणि खालचा भाग तसाच ठेवा, खडूने खूण करा. दोन-तीन दिवसांत तुकडा ओल्या मातीने पुन्हा जोडला गेला तर वाट चालू आहे. जोडला नाही, तर एवढंच कळतं की ती वाट सोडली. वसाहत संपली असं नव्हे. अख्खी नळी खरवडून त्यावर रॉकेल मात्र ओतू नका. वाळवी दोन हात सरकून भिंतीच्या आतून चढेल आणि हाती असलेला एकुलता पुरावा जाईल. मे महिन्यात रेघ नव्हती यातही नवल नाही. उन्हाळ्यात जमिनीचा वरचा थर कोरडा होतो तशी ती खाली जाते. मे महिन्यातली तपासणी लाकडाची ताकद बघायला चांगली. चालू वाळवी बघायला पावसाळ्याचा उत्तरार्ध.

कुंभारीण माशीची मातीची घरं आणि वाळवी यांत गल्लत होते. कुंभारणीचा गोळा सुटा, एकाच जागी असतो. वाळवीची नळी कुठून तरी निघून कुठे तरी जाते.

माळ्याखालचं पीठ चिमटीत चोळून बघा. मैद्यासारखं मऊ लागलं तर लाकूड पोखरणारा बारीक भुंगेरा. त्याची अळी लाकडातल्या पिष्टावर जगते, त्यामुळे तो बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला लागतो, गाभ्याला नाही. आंब्याची नवी फळी त्याला मेजवानीच. ही लागण चालू धरा.

फणसाच्या खांबाची गोष्ट उलटी. साठ वर्षांच्या लाकडात त्याला खायला काही उरत नाही. ती भोकं बहुधा केव्हाच रिकामी झालेली आहेत. ठोकल्यावर पावडर गळते म्हणून घाबरू नका, जुन्या बोगद्यातला भुसा वर्षानुवर्षं गळत राहतो. खात्री हवी तर हातभर भाग ब्रशने साफ करा, सगळ्या भोकांवर खडू फिरवा आणि वर्तमानपत्राचा कागद ताणून चिकटवा. पुढच्या वर्षी कागदाला आरपार भोक दिसलं तर किडा जिवंत. नव्या भोकाची कड ताज्या लाकडाच्या रंगाची असते, जुन्याची काळपट. अशा मेलेल्या भोकांवर औषध मारून पैसे घेणारे भरपूर आहेत.

वाशाला बोट जाईल असं गोल भोक म्हणजे भुंगा, तोच काळा, गुणगुणणारा. तो लाकूड खात नाही. कोरून आत घर करतो. तोंडाशी सरळ गेलेलं भोक आत काटकोनात वळून वाशाच्या लांबीने जातं. दोन भोकांनी वासा पडत नाही. पण दरवर्षी तीच जागा वाढवत नेली तर खालून दिसतं त्यापेक्षा आत जास्त पोकळ होतं. भुंगा नाही असं बघून लाकडी खुंटी ठोकून बंद करा.

देव्हाऱ्याखालच्या दाण्यांकडे मात्र नीट लक्ष द्या. भिंगाखाली दाण्याला सहा कडा दिसल्या तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. तिला ना माती लागते ना बाहेरचं पाणी, नळी बांधत नाही, अख्खी वसाहत त्याच लाकडात राहते. जमिनीत कितीही औषध ओता, तिला त्याचा पत्ताही लागणार नाही. देव्हारा आजच भिंतीपासून आणि इतर लाकडापासून बाजूला काढा. जो भाग पोखरलाय तो काढून जाळा, किंवा ३ मिलिमीटरची तिरकी भोकं पाडून सिरिंजने आत औषध भरून घ्या.

काळं पडलेलं टोक ही कूज असणार. टोच्याने, म्हणजे अणकुचीदार हत्याराने, टोचून बघा, लगेच कळेल.

---

चिरेबंदी लिहितात:

ओळख वर आलीच आहे. फिरायचं कसं ते लिहितो. एवढ्या घराला तीन-चार तास धरा. सोबत चांगली टॉर्च, टोच्या किंवा जाड स्क्रूड्रायव्हर, हातोडी, खडू, छोटा आरसा, शिडी. वाकायला तयार असलेली कंबर यादीत धरलेली नाही.

आत जाण्याआधी बाहेरून एक फेरी. तुमच्या घरात मला सगळ्यात जास्त खटकतो तो सिमेंटचा गिलावा. तो जमिनीला टेकलेला असेल तर वाळवीला बंद जिना मिळाला असं समजा. गिलावा आणि चिरा यांच्या फटीतून, मातीच्या सांध्यांतून ती थेट वरच्या भालापर्यंत (वासे टेकतात त्या आडव्या लाकडापर्यंत) जाते आणि बाहेर रेघसुद्धा उमटत नाही. जोत्यापासून कमरेपर्यंत हातोडीच्या दांड्याने ठोकत चला. जिथे बद्द आवाज येईल तिथे खूण करा. जमिनीलगतचा सहा इंच गिलावा सगळीकडे फोडून जोतं उघडं ठेवा. वाळवी चढली तरी ती तुमच्या डोळ्यांदेखत चढली पाहिजे.

त्याच फेरीत भिंतीला टेकलेलं सगळं बघा: सरपण, नारळाची सोडणं, झावळ्या, जुनी कौलं. पागोळ्या कुठे पडतात, पाणी उडून जोतं कुठे भिजतं, न्हाणीचं पाणी नीट वाहून जातं की भिंतीशी मुरतं. तोडलेल्या झाडाचा बुंधा घरालगत असेल तर त्याची मुळं जोत्याखाली गेलेली असू शकतात. तोही टोचून बघा.

आत आल्यावर खालून वर. चौकटीचे पाय आधी. जुन्या घरांत ते जमिनीखाली वीतभर गाडलेले असतात, आणि मागच्या पडवीत शेणाची जमीन म्हणजे लाकूड थेट मातीत. साग आहे म्हणून निर्धास्त राहू नका. सागाचा गाभा टिकतो, पण चौकटीच्या कोपऱ्यात पांढरं लाकूड राहिलेलं असतं आणि वाळवी त्यातून वाट काढून आणखी वर जाते. उंबरठ्याच्या दोन्ही टोकांशी टोच्या दाबा. खांब दगडी उथळ्यावर असतील तर उथळ्याभोवतीची माती-कचरा साफ करा. दगडाचा वरचा काठ चारही बाजूंनी दिसायला हवा.

मग भिंतीला टेकलेली कपाटं पुढे ओढा, तसबिरी-कॅलेंडरांमागे बघा. जुन्या वायरिंगची लाकडी पट्टी आणि मीटरखालचा लाकडी बोर्ड या वाळवीच्या ठरलेल्या वाटा. तिथे टोच्या लावण्याआधी मेन बंद.

टॉर्च लाकडावर सरळ मारू नका. पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा, म्हणजे फुगवटा, सुरकुती, पापुद्रा सावलीने उठून दिसतो. रंगाखाली लाकूड संपलेलं असलं तरी रंगाची कातडी शाबूत असते. तिथे टोच्या लोण्यात जावा तसा जातो.

माळ्यावर चढून प्रत्येक वाशाला खडूने नंबर घाला, पूर्व १, पूर्व २ असे. दर वाशाला तीन ठिकाणी ठोका-टोचा: भिंतीवर टेकतो तिथे, मध्यावर, आढ्याशी. भिंतीवरची जागा सर्वांत महत्त्वाची, कारण वाळवी तिथूनच लाकडावर येते, पावसाचं पाणी तिथेच साचतं, आणि वाशाचा सगळा भार शेवटी तिथेच उतरतो. उजेडात आतून कौलांकडे बघा. जिथून प्रकाशाचा ठिपका येतो तिथून पाणीही येतं.

जे दिसलं नाही तेही वहीत लिहा: अमुक खोलीला फळ्यांची छत आहे, वरचे वासे पाहिले नाहीत. 'दिसलं नाही' आणि 'नाही' यांतला फरक दोन वर्षांनी फार महाग पडतो.

---

ओलमापक लिहितात:

वरच्या यादीत ओलावा मोजायचा मीटर नाही. दोन पिनांचा साधा मीटर जरूर घ्या, पण आकड्यावर भाळू नका. कोकणात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये छपराखालचं धडधाकट लाकूडही १८-२० टक्के दाखवतं. म्हणून आधी घरातला ठणठणीत, कोरडा वाटणारा वासा निवडा, त्याचा आकडा घ्या आणि बाकीचे त्याच्याशी ताडून बघा. शेजारचे वासे १८ आणि एक टोक २८ असेल तर तिथे पाणी येतंय. लाकडावर बोरॅक्ससारखं क्षाराचं औषध लागलेलं असेल तर मीटर फुकटच जास्त दाखवतो. चिऱ्याच्या भिंतीवर पिना टोचून आलेले टक्के लाकडाचे नसतात. तिथे मीटर फक्त 'इथे ओल जास्त, तिथे कमी' एवढंच सांगतो.

आणि काळ्या टोकासाठी: टोच्या तिरका घालून एक सळ उचकटा. लांब, तंतुमय, करकर आवाज करत निघाली तर लाकूड धड. टचकन आखूड तुटली, तुकडे बिस्किटासारखे पडले, चौकोनी तडे दिसले तर कूज आहे. अशा ओल्या टोकात वाळवी मागाहून येते, म्हणून दोन्ही शोधा.

---

काळंसोनं लिहितात:

एवढा खटाटोप कशाला? गॅरेजमधलं काळं ऑइल आणा, वाशांना दोन हात मारा. आमच्याकडे सगळे तेच करतात.

---

टोच्या लिहितात:

@काळंसोनं, ऑइल कातडीपुरतं मुरतं. भिंतीच्या खळग्यात गेलेल्या टोकाला, जिथे गरज आहे तिथे, ब्रश पोचतच नाही. शिवाय चुलीचं घर असेल तर जळायला आणखी एक निमित्त. आणि एकदा ऑइल बसलं की पाण्यातलं बोरॅक्सचं औषध आत शिरत नाही. काजूच्या टरफलांचं तेल निदान परंपरेने लाकडाला लावतात, पण तेही पृष्ठभागापुरतंच, आणि हातावर पडलं तर कातडी सोलते.

---

मापात राहा लिहितात:

फवारणीवाल्याबद्दल. पाठीवरचा पंप १६ लिटरचा. आता हिशेब करा.

आधीच बांधलेल्या घरांच्या वाळवी-उपचारासाठी भारतीय मानक ६३१३, भाग ३ आहे. बाहेरून जोत्यालगत जमिनीखालचा भिंतीचा भाग साधारण ५०० मिलिमीटर खोलीपर्यंत धरायचा, दर चौरस मीटरला ७.५ लिटर द्रावण. तुमच्या घराचा घेर १४० फूट, म्हणजे ४३ मीटर. ४३ × ०.५ × ७.५ = सुमारे १६० लिटर. आत कोबा आणि भिंत मिळते तिथे दर ३०० मिलिमीटरवर १२ मिलिमीटरचं भोक, मातीपर्यंत, भोकाला जास्तीत जास्त एक लिटर. आतल्या कडा मिळून ६० मीटर धरल्या तर २०० भोकं, २०० लिटर. म्हणजे साडेतीनशे लिटरच्या वर. अर्ध्या दिवसात एक पंप फिरवून जे होतं ती भिंतीची आंघोळ.

औषध मोजून घ्या. इमिडाक्लोप्रिड ३०.५ एससी (३०.५ टक्के तीव्रतेचं) असेल तर लिटर पाण्याला २.१ मिलि, म्हणजे ३६० लिटरला सुमारे ७५५ मिलि. क्लोरपायरिफॉस २० ईसी (२० टक्के तीव्रतेचं) असेल तर १ टक्का द्रावणासाठी एक भाग औषधाला १९ भाग पाणी, म्हणजे १८ लिटर औषध. बाटली सीलबंद आणा, तुमच्यासमोर फोडा, समोर मिसळा असं सांगा. भोकं किती पाडली ते मोजा. शेवटी भोकं सिमेंटने बंद करून घ्या. काम करणाऱ्याकडे कीटकनाशक कायदा, १९६८ खालचा परवाना आहे का ते बघा. गॅरंटीच्या कागदावर 'पुन्हा फवारणी' लिहिलंय की 'नुकसानभरपाई', तेही वाचा. बहुतेक वेळा पहिलंच असतं.

विहिरीचं मात्र गंभीरपणे घ्या. १५ फूट अंतर आणि मधे जांभा. जांभा म्हणजे जाळीच; त्यात ओतलेलं कुठून कुठे निघेल सांगता येत नाही. मागच्या भिंतीच्या बाहेर मी एक थेंब ओतू देणार नाही; वरच्या हिशेबातून तेवढी लांबी वजा करा. त्या बाजूला औषधाऐवजी बांधकामाचा इलाज: चौकटीचे पाय जमिनीपासून तीन इंच वर कापायचे, खाली काळ्या दगडाचा किंवा काँक्रीटचा ठोकळा, शेणाच्या जमिनीचा चौकटीलगतचा पट्टा काढून तिथे कोबा. वाट दिसती झाली की दर पावसाळ्यात ब्रशने झाडून टाकायची. सागाच्या चौकटीत जिथे बोगदे सापडले तिथे तेवढ्यापुरती बारीक भोकं आणि सिरिंज.

माळ्याच्या फळ्यांना बोरॅक्स-बोरिक. १० लिटर गरम पाण्यात ३६० ग्रॅम बोरॅक्स आणि २४० ग्रॅम बोरिक पावडर, पूर्ण विरघळवून. फळ्या उतरवून, घासून, दोन्ही बाजूंना आणि कापलेल्या टोकांना दोन-तीन हात, आधीचा हात ओलसर असतानाच. रंग किंवा पॉलिश असेल तर आधी काढा, नाहीतर मुरणार नाही. हे औषध पाण्यात धुऊन जातं, म्हणून पाऊस लागणाऱ्या लाकडावर उपयोग नाही. खाली स्वयंपाक होतो, तेव्हा फळ्या बाहेर नेऊनच लावा आणि पूर्ण वाळल्यावर चढवा. फळी हातात वाकत असेल तर औषध सोडा, फळी बदला.

धान्यात टाकतात त्या गोळ्या माळ्यावर ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्यातून निघणाऱ्या फॉस्फिनने झोपेत माणसं दगावतात.

---

पडवीवाला लिहितात:

सगळ्यांचे आभार. टोचून-ठोकून बघितलं. चौकटीवरची नळी दुसऱ्या दिवशी जोडली गेली. देव्हाऱ्याखालचे दाणे सहा कडांचे. काळं टोक टचकन तुटतं, भिंतीपासून आत आठ इंचांपर्यंत. वर फुटकं कौल सापडलं. शेजारच्या तीन वाशांचं बाहेरचं लाकूड सुमारे १० मिलिमीटर खाल्लेलं, आत टोच्या जात नाही. वासे तीन इंच रुंद, चार इंच खोल. हे तीन ठेवू का?

---

चिरेबंदी लिहितात:

१० मिलिमीटर चारही बाजूंनी की एकाच? चारही बाजूंनी असेल तर ७५ बाय १०० मधले ५५ बाय ८० उरले. वाशाची वाकण्याविरुद्धची ताकद रुंदी गुणिले खोलीचा वर्ग या हिशेबाने जाते. ७५ × १०० × १०० म्हणजे साडेसात लाख. ५५ × ८० × ८० म्हणजे साडेतीन लाख. डोळ्यांना वासा 'थोडा खाल्लेला' दिसतो आणि ताकद निम्म्याच्या खाली आलेली असते. चारही बाजूंनी ५ मिलिमीटर असतं तर ७० टक्के उरली असती. खोलीतला घाटा रुंदीतल्या घाट्यापेक्षा महाग पडतो हे लक्षात ठेवा.

तेव्हा खाल्लेलं सगळं तासून काढा, उरलेला धड गाभा मोजा. एकाच बाजूने घाटा असेल आणि वासा झोळ दाखवत नसेल तर ठेवा. चारही बाजूंनी असेल तर वासा काढू नका, जोडीला नवा द्या: त्याच मापाचा, वाळलेला, पांढरं लाकूड तासून काढलेला, भिंतीपासून आढ्यापर्यंत, दर दोन-अडीच फुटांवर १२ मिलिमीटरचा बोल्ट, एक वर एक खाली असा.

कुजलेल्या टोकाचं वेगळं. आधी वाशाला खालून टेकू, मग त्या भागातली कौलं आणि रिपा उतरवा. दिसणारी कूज आठ इंच आहे, त्यापुढे आणखी फूटभर धरून कापा. नवा तुकडा बाजूने तीन फूट चढवून चार बोल्ट. भिंतीतला खळगा साफ करून खाली सपाट दगड, त्यावर डांबरी कागदाचा तुकडा, मग वासा. दोन्ही बाजूंना आणि टोकासमोर बोटभर मोकळी जागा राहू द्या. गवंडी तिथे हटकून सिमेंट भरायला जाईल. त्याला भरू देऊ नका, टोक पुन्हा तिथेच कुजेल. फुटकं कौल बदलण्याचं काम यातलं पहिलं, आजच.